तेरा आठवडे, एकच आकडा

४ मार्च, सोमवार

न्हाणीघरातल्या नळाविरुद्ध मी आज येथे, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना, रीतसर तक्रार नोंदवत आहे. माणसाने माणसावर केलेले अन्याय इतिहासात पुष्कळ नोंदलेले आहेत. नळाने माणसावर केलेला अन्याय मात्र कोणी मनावर घेत नाही. हा नळ गेले तीन आठवडे गळतो आहे. बरं, गळावं तर नियमाने गळावं. तेही नाही. आज दाढी करताना चाळीस थेंब मोजले. दोन थेंबांमधलं अंतर सरासरी एकवीस सेकंद. पण कधी नऊ, तर कधी चौतीस. त्यामुळे पुढचा थेंब कधी पडतो याची वाट बघण्याखेरीज माणसाला दुसरं काम उरत नाही. पडलेल्या थेंबाचा त्रास नसतो, न पडलेल्याचा असतो. माझं पोट या न पडलेल्या थेंबांवरच चालतं, म्हणून इतकं बारकाईनं लिहिलं.

बायको म्हणाली, "चाळीस थेंब मोजलेत तेवढ्या वेळात प्लंबरला फोन झाला असता."

"हाताशी आकडेवारी असली की बोलणं सोपं जातं."

"अहो, त्याला वॉशर बदलायचाय. प्रबंध नाही लिहायचा."

७ मार्च, गुरुवार

'शांत झोप' योजनेची यंदाची नवी पत्रकं छापून आली. पत्रकावर एक बाई उशीवर डोकं ठेवून झोपेत हसते आहे. झोपेत असं कोण हसतं? पण साहेबांना चित्र आवडलं. साहेब म्हणजे आमच्या गुंतवणूक-सल्ल्याच्या कंपनीचे मालक आणि मी त्यांचा गणितवाला. ते मला 'प्रोफेसर' म्हणतात, कारण तसं म्हटलं की पगार वाढवावा लागत नाही.

योजनेच्या पोटात माझं सूत्र आहे. ग्राहकाचे पैसे पाच-सहा फंडांत कसे वाटायचे ते हे सूत्र ठरवतं. त्याला दोनच गोष्टी कळतात: फंड किती वर-खाली होतो आणि माणूस किती घाबरतो. जो फंड कमी हलतो तो भित्र्या माणसाला जास्त द्यायचा. झालं. एवढंच मी सहा पानं चिन्हांमध्ये लिहिलं आहे, म्हणून लोकांना ते खरं वाटतं.

सूत्राचा जीव इमारत फंडावर जडला आहे. हा फंड लोकांच्या पैशांतून ऑफिसांच्या इमारती घेतो आणि भाडी गोळा करतो. पाच वर्षांची त्याची रेघ इस्त्री फिरवल्यासारखी आहे. सगळ्यात भित्र्या ग्राहकाला सूत्र सांगतं, शंभरातले शेहेचाळीस इथे ठेव.

भित्रेपणा मोजायला माझीच सात प्रश्नांची प्रश्नावली आहे. ताईला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, गेल्या वर्षी मीच त्या प्रश्नांपुढे बसवलं होतं. ती पुस्तकबांधणी करते. पहिला प्रश्न: शंभर नक्की मिळतील, किंवा नाणं उडवून छापा पडला तर दोनशे वीस, काटा पडला तर काही नाही. काय घ्याल?

"नाणं कुणाच्या खिशातलं?" ताईने विचारलं.

"ताई, तसा प्रश्न नाहीये तो."

"मग नक्कीचे शंभर. आणि उडवणाऱ्याचं तोंड बघायचंय मला."

दहापैकी दोन गुण. मी स्वतः प्रश्नावली भरली तेव्हा मलाही दोनच पडले होते. रक्त एकच.

तिची आयुष्यभराची शिल्लक तेरा लाख. ती सगळी आमच्या योजनेत आहे, त्यातले सहा लाख इमारत फंडात. तिच्या भाड्याच्या खोलीचा मालक खोली विकायला निघालाय. पहिला हक्क तिचा, पण तीस मेपर्यंत तेरा लाख भरले तरच; नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयारच आहे. खोलीत तिचं कागद कापायचं यंत्र आहे, टनभर वजनाचं. ते आत आणताना भिंत फोडावी लागली होती. खोली गेली तर यंत्र भंगारात जाईल, आणि या वयात ताई दुसरं काय करणार? पण काळजीचं कारण नाही. पैसे शांत झोपलेले आहेत.

१८ मार्च, सोमवार

आमच्या नोंदणीबाई बावीस वर्षं कंपनीत आहेत. फंडांचे भाव दर शुक्रवारी तक्त्यात भरणं हे त्यांचं काम. आज माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सर, एक विचारायचं होतं. हसणार नसाल तर."

"विचारा."

"इमारत फंडाचा भाव तीन महिन्यांनी एकदाच येतो. आणि तुमच्या तक्त्यात तर दर आठवड्याची ओळ आहे."

"मग मधल्या ओळींत काय भरता?"

"मागचाच आकडा खाली ओढते. तेरा आठवडे एकच आकडा. नवा आला की तो ओढायला घेते. पहिल्यापासून असंच करते मी. चालतं ना?"

मी म्हटलं, "बाई, अहो, तुमच्यामुळेच तो फंड इतका शांत आहे!"

त्या हसल्या. मीही हसलो. कितीतरी वेळ आपल्याच विनोदावर खूष होतो. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, पहिला घास तोंडात घातला आणि माझ्याच विनोदाचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. डबा तसाच बंद केला.

२० मार्च, बुधवार

प्रकरण अगदी साधं आहे. इतकं साधं, की माझ्या सहा पानांत त्याला जागाच नव्हती. दर तीन महिन्यांनी एक मूल्यमापक येतो, इमारतींकडे मान वर करून बघतो आणि साधारण मागच्याइतकाच भाव लिहून जातो. मधले आठवडे बाई तोच आकडा ओढतात. सूत्र टाळ्या वाजवतं: वा, हा तर हलतच नाही! फंड हलत होता. बघत कोणी नव्हतं.

सुट्टी टाकून दिवसभर घरी बसलो. ज्यांचा भाव बाजारात रोज निघतो अशा इमारत कंपन्यांचे आकडे त्या ओळींत घालून पाहिले. वर-खाली होण्याचं माप दोनावरून सतरावर गेलं. भित्र्या ग्राहकाचा वाटा शेहेचाळीसवरून चारावर. चार! म्हणजे उरलेली बेचाळीस टक्के शांत झोप नोंदणीबाईंच्या मनगटाने तयार केलेली होती. आणि गंमत अशी (गंमत हा शब्द सवयीने लिहून गेलो) की जो जितका जास्त घाबरणारा, त्याच्या पदरात आम्ही हे तितकं जास्त घातलं. धाडसी लोक सुखरूप आहेत.

२२ मार्च, शुक्रवार

साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"प्रोफेसर, ही चूक आहे की मतभेद?"

"चूक."

"कोणाची?"

इथे माझं घोडं पेंड खायला लागलं. मी म्हटलं, "पद्धतीची."

"मग पद्धत बदलू की. जूनमध्ये आढावा आहेच, तेव्हा हळूच बदला. चाळीस हजार पत्रकं वाटून झालीत. आज सगळ्यांना बाहेर पडा म्हणालो तर धावाधाव होईल. फंडाकडे रोकड किती असते?"

"शंभरात पाच."

"ऐका! स्वतःच्याच तोंडाने सांगताय."

साहेबांचं अगदीच चुकतंय असंही नाही. इमारत काही विटाविटांनी विकता येत नाही. दारात जे पहिले पोचतील त्यांना रोकड मिळणार. मागच्यांनी इमारतीकडे बघत बसायचं. तेव्हा सर्वांचं हित लक्षात घेता तूर्त मूग गिळून बसणंच योग्य. खोलीतून बाहेर पडताना मला फार हायसं वाटलं. इतकं वाटायला नको होतं, असं आत्ता लिहिताना वाटतंय.

२५ मार्च, सोमवार

नळाचं काहीतरी केलंच पाहिजे. नुसता वॉशर बदलून भागणार नाही. आतला पाईपही गेला असणार. मग फरश्या उखडाव्या लागतील. एकदा फरश्या उखडल्या की सगळं न्हाणीघरच करून घेतलेलं बरं. असल्या कामांचा अंदाज नेहमी चुकतो, त्यामुळे हाताशी रोकड जरा सैलच ठेवावी. म्हणून इमारत फंडातले माझे सगळे पैसे काढायचा अर्ज आज दिला. नऊ लाख. मुदतीआधी काढतोय म्हणून एक टक्का कापतील, नऊ हजार. जाऊ देत. घर महत्त्वाचं.

अर्जात कारणाचा रकाना होता. 'घरदुरुस्ती' असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

७ एप्रिल, रविवार

पैसे बुधवारी खात्यात आले.

आज ताई आली होती. नखांत सरस वाळलेला. आल्या आल्या टेबलावरची ही वही उचलली, मी घाईने हात पुढे केला. पण तिने फक्त वहीची पाठ वाकवून शिवण बघितली. "कुठून घेतलीस? दोन महिन्यांत पानं सुटतील." वही खाली ठेवली.

मग म्हणाली, "दशांश, एक सांग." घरात मला हेच नाव. शाळेत असताना मार्क विचारले की मी सत्त्याऐंशी न सांगता सत्त्याऐंशी पूर्णांक चार दशांश सांगायचो. "ते पैसे आत्ताच काढून ठेवू का रे? महिनाभर बँकेत पडू देत. मला आपलं हातात असलेलं बरं."

"आत्ता काढलेस तर एक टक्का कापतात. इमारत फंडाचेच सहा हजार जातील. आठ मेला वर्ष पुरं होतंय, त्यानंतर एक पैसा कापत नाहीत."

"सहा हजार म्हणजे माझे चाळीस प्रबंध की रे. कापडी बांधणीचे, सोनेरी अक्षरांसकट."

"तेच म्हणतो मी."

"मग थांबते. तू म्हणतोस तर."

मी बोललेला शब्द न् शब्द खरा आहे. कंपनीच्या पत्रकात छापलेला आहे. शिवाय एकाच घरातून पंधरा दिवसांत दोन अर्ज गेले असते तर साहेबांनी भुवया उंचावल्या असत्या. पण ते कारण नव्हे. कारण सहा हजार, हेच.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ताईला विचारलं, "अजून थोडा चहा घेता?" आवाज जरा वेगळा लागला. साखर संपली असेल.

१९ एप्रिल, शुक्रवार

विशेष काही नाही. इमारत फंडाच्या सर्वांत मोठ्या इमारतीतला भाडेकरू जागा सोडून गेला अशी बातमी आतल्या पानावर, दोन ओळींची. फंडाचा भाव अर्थातच तोच. बाईंनी आज तिसरी ओळ ओढली असेल.

रक्तदाब वाढलाय. डॉक्टर म्हणाले, कशाची चिंता आहे का? म्हटलं, नळाची.

८ मे, बुधवार

वर्ष पुरं झालं. ताईने सकाळी सर्वांत पहिल्यांदा अर्ज दिला. मला फोन करून म्हणाली, "माझा पहिला नंबर लागला!" मी म्हटलं, "वा." फोन ठेवल्यावर लक्षात आलं की 'वा' फार मोठ्याने म्हटलं होतं.

१३ मे, सोमवार

इमारत फंडाने पैसे काढणं बंद केलं. 'गुंतवणूकदारांच्या व्यापक हितासाठी, पुढील सूचनेपर्यंत.' जाणत्या लोकांनी दीड महिन्यात हळूहळू रोकड उचलली आणि ती संपली. ताईचे उरलेले सात लाख दुसऱ्या फंडांतून मिळतील. सहा अडकले.

जाणत्या लोकांत मी आलोच. शंभरातल्या त्या पाचांत माझे नऊ लाख बसले. म्हणजे मी नुसता आधी निघालो एवढंच नाही, जाताना मागच्यांची रोकड घेऊन निघालो. हे गणित करायला सूत्र लागत नाही.

ताईचा फोन तीनदा वाजला. मी त्याच्याकडे बघत बसलो. चौथ्यांदा बायकोने उचलला. "ते आंघोळीला गेलेत," म्हणाली. दुपारचे साडेचार वाजले होते. फोन ठेवून माझ्यासमोर येऊन बसली.

"अहो, नऊ लाख काढलेत. आणि नळ गळतोच आहे."

एवढंच. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर एकही आकडा सापडेना.

१५ मे, बुधवार

ताईशी बोललो. फोनवरच.

"तात्पुरतं आहे ताई. इमारत विकली की उघडतील."

"तात्पुरतं म्हणजे तीस तारखेच्या आत की नंतर?"

"तसं सांगता येत नाही गं."

"का? दशांशात सांग की."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती मला हसवायला बघत होती. मला बरं वाटावं म्हणून! शेवटी म्हणाली, "तू नको जीव जाळून घेऊस. तुला तरी काय माहीत होतं?"

मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. तिने तो केव्हाच ठेवला होता.

२१ मे, मंगळवार

कंपनीच्या दारात माणसं जमतात. आज मागचं दार बंद होतं, म्हणून पुढून जावं लागलं, आणि गर्दीने मला आपल्यातलाच एक समजून आत ओढून घेतलं. शेजारी एक ताठ पाठीच्या बाई उभ्या होत्या. निवृत्त परिचारिका, चौतीस वर्षं वॉर्डात काढलेली. माझ्या चेहऱ्याकडे एक नजर टाकून म्हणाल्या, "उन्हात उभे राहू नका तुम्ही. रंग गेलाय तुमचा." आणि मनगट धरून, अक्षरशः नाडी बघत, मला कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात घेऊन गेल्या.

"किती अडकले?"

"सहा," मी म्हटलं. तोंडातून ताईचाच आकडा निघाला.

"माझे साडेचार. मी प्रश्नावलीत खरं सांगितलं ना, मला भीती वाटते म्हणून. तेच नडलं. आमचा शेजारी फुशारक्या मारतो, त्याचे सगळे सुटले. गंमत आहे की नाही?"

माझ्याजवळ मोठी नोट होती. दुकानदाराकडे मोड नव्हती. बाईंनीच दोन्ही चहांचे पैसे दिले. "राहू द्या हो, अडकलेल्या माणसाने अडकलेल्याकडून चहा घ्यावा. पुढच्या वेळी द्या." चहा गोड होता. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. यापेक्षा हलकी गोष्ट मी आजवर केलेली नाही. आणि केली आहे हेही मला माहीत आहे.

२४ मे, शुक्रवार

उपाय सापडला. फंडातून पैसे काढता येत नसले तरी हक्क एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करता येतो. ताईचे अडकलेले सहा मी माझ्या नावावर घ्यायचे आणि माझ्याकडचे मोकळे सहा तिला द्यायचे. पूर्ण भावाने, एक पैसा न कापता. दोघांनी रांगेतल्या जागा बदलायच्या. अगदी नेटकं आहे.

तिला सांगायचं, कंपनीने काही निवडक ग्राहकांसाठी सोय केली आहे. बाकी सांगायची गरज नाही. तिला उगाच त्रास.

२६ मे, रविवार

ताईच्या खोलीवर गेलो. दाबयंत्राखाली नऊ-दहा प्रबंध आवळून ठेवलेले, वर खळीचा वास. ताई स्टुलावर बसून कागदाच्या घड्या हाडाच्या पट्टीने दाबत होती. मी धनादेश आणि हस्तांतराचा अर्ज तिच्यासमोर ठेवला आणि पाठ केलेलं बोललो. निवडक ग्राहक, खास सोय, वगैरे.

तिने हात पुसले, चष्मा लावला आणि मुद्रितं तपासतात तसा अर्ज बोट ठेवून वाचला.

"यात कंपनीचं नाव कुठाय? इथे तर तुझं आहे."

"ते आपलं सोयीसाठी."

"तुझ्याकडे सहा लाख कुठून आले?"

"होते माझे."

"कुठे होते?"

"तिथेच."

"मग ते कसे नाही अडकले?"

"आधी काढले होते."

"कधी?"

खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी म्हटलं, "पंचवीस मार्चला अर्ज दिला."

तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं मागे उलटलेलं एप्रिलचं पान पुढे घेतलं. त्यावर बोट ठेवलं. "मी तुझ्याकडे आले होते तो रविवार कितवा? सात ना?"

"सात."

पान परत मागे टाकलं. समोर पुन्हा मे आला. ताई यंत्राकडे गेली, कागदाचा गठ्ठा सरळ केला, चाक फिरवून आवळला आणि दांडा ओढला. पातं खाली आलं. कागदाची एक बारीक पट्टी सुटून माझ्या पायाशी पडली.

मग मी सगळं सांगितलं. तेरा ओळी, साहेब, घरदुरुस्ती, सगळं. शेवटी म्हटलं, "चूक झाली ताई."

"चूक त्या नोंदणीच्या बाईंची. बिचाऱ्या ओढत बसल्या, आणि त्यांनी विचारलं तरी. तुझं काय झालं ते सांग."

"मी घाबरलो."

"दहापैकी किती?"

ती हसत नव्हती.

"पैसे घेते मी," ती म्हणाली. "मोठेपणाने परत करणार नाही. मला खोली हवीय." तिने सही केली. टोपण लावलं. "अशी माणसं किती आहेत? माझ्यासारखी भित्री?"

"दोनशे चौदा."

"त्यांना कोण सांगणार? त्यांचे भाऊ नाहीत तिथे कामाला."

मी निघालो तेव्हा तिने खालची पट्टी उचलून टोपलीत टाकली. चहा विचारला नाही. या खोलीत येऊन चहा न पिता मी पहिल्यांदाच बाहेर पडलो.

३० मे, गुरुवार

खोली ताईच्या नावावर झाली. साक्षीदार म्हणून तिने बायकोला बोलावलं, मला नाही. बायको परत आल्यावर मी विचारलं, "काही म्हणाली?"

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल."

"नाही," बायको म्हणाली. मग म्हणाली, "प्लंबर सकाळी येऊन गेला. वॉशर बदलला. दहा मिनिटं लागली."

न्हाणीघरात जाऊन उभा राहिलो. नळ गळत नव्हता.

३ जून, सोमवार

दोनशे चौदा पत्रं टाकली. एक पान, चिन्हं नाहीत. 'इमारत फंड शांत दिसत होता, कारण तेरा आठवडे आम्ही एकच आकडा खाली ओढत होतो. जे जास्त घाबरतात त्यांना तो आम्ही जास्त दिला. सूत्र माझं आहे. चूक मला वीस मार्चला कळली. पंचवीस मार्चला मी माझे पैसे काढले आणि तुम्हाला कळवलं नाही.' खाली सही.

पत्ते नोंदणीबाईंनी दिले. म्हणाल्या, "माझंही नाव घाला, ओढत तर मीच होते." मी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं." त्या पाकिटं चिकटवू लागल्या. डोळे पुसायला थांबल्या की एखादं पाकीट वाकडं चिकटायचं.

साहेबांनी दुपारी बोलावून घेतलं. 'प्रोफेसर' म्हणाले नाहीत. कंपनीच्या वकिलांचं नाव सांगितलं, ओळखपत्र मागितलं आणि टेबलाचे खण त्यांच्यादेखत रिकामे करायला लावले. पत्रकांचा एक गठ्ठा खणात निघाला. त्यावर ती बाई अजून हसत झोपलेली होती.

१० जून, सोमवार

हल्ली दर सोमवारी अकराला अडकलेली माणसं कंपनीच्या दारात जमतात. आज मीही गेलो. सहा लाखांचा कागद खिशात, माझ्या नावाचा. कंपनीचे वकील म्हणाले होते, तुम्ही तिथे फिरकू नका. पण रांगेतली जागा मी ताईकडून घेतली आहे. उभं तर राहायलाच हवं.

परिचारिकाबाई तिथेच होत्या. हातात माझं पत्र, चार घड्या केलेलं.

"आलात? वाचलंत का हे?"

"मी लिहिलंय ते."

त्यांनी पत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आजूबाजूची दोघं-तिघं वळली. एकाने शिवी दिली, आवाज न चढवता. ती मी ऐकून घेतली.

"आणि सहा अडकलेत म्हणाला होतात ते?" बाईंनी विचारलं.

"तेव्हा खोटं होतं. आता खरं आहे."

त्या चालू लागल्या, आणि मी मागून गेलो. चहाच्या दुकानापाशी थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात एक मुलगी होती. हुशार. पेशंट झोपलाय, कशाला उठवायचं म्हणून ताप न घेताच मागचा आकडा तक्त्यावर लिहायची. सहाला अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, दहाला अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. पेशंट गेला. त्यानंतरची ओळसुद्धा तिने तशीच भरलेली होती."

"तिचं पुढे काय झालं?"

"तिचं काय व्हायचंय? मला तो पेशंट आठवतो."

मी खिशातून नाणी काढली. आज सुटे मोजून आणले होते. "तुम्ही त्या दिवशी दिलेल्या चहाचे. माझ्या वाटचे."

त्यांनी ती तळहातावर घेतली, बोटाने एकेक सरकवत मोजली, बटव्यात टाकली आणि बटव्याचा चाप लावला.

दुकानदाराने विचारलं, "दोन?"

"एक," बाई म्हणाल्या. "यांचं यांना विचारा."